पाची बोटे

हाताची पाची बोटे सारखी नसतात, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. भावंडांचे स्वभाव जुळले नाहीत की आजी ती म्हणते. वर्गातील मुलांची प्रगती निरनिराळी दिसली की गुरुजीही तिचाच आधार घेतात. मात्र ही म्हण ऐकताना आपण स्वतःच्या बोटांकडे क्वचितच पाहतो. माझ्यावर ती वेळ गिटारीने आणली.

गिटारीला सहा तारा असतात. मांडीवर घेतली म्हणजे वरच्या तीन जाड, त्यांचा स्वर खर्जातला व गंभीर. खालच्या तीन बारीक, त्यांचा स्वर उंच. डावा हात तारा दाबून स्वर ठरवतो आणि उजवा हात त्या छेडतो. छेडण्याच्या रीती दोन. पहिली नखीची. सतारीची नखी तारेची असते व ती तर्जनीवर चढवतात. सरोद नारळाच्या करवंटीच्या जव्याने वाजवतात. गिटारीची नखी म्हणजे बहुधा प्लॅस्टिकचा एक लहानसा त्रिकोणी तुकडा. तो अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरायचा. दुसरी रीत नुसत्या बोटांची. नखीचा नाद टणक आणि स्पष्ट, तर बोटाचा नाद मऊ. नखीला वेग फार. पण तिला टोक एकच. दूरदूरच्या दोन तारा एकाच क्षणी छेडणे तिला साधत नाही.

आमच्या घरी ही उणीव कधी जाणवली नाही, कारण गिटारी दोन होत्या आणि वाजवणारे आम्ही भाऊही दोघे. दादा जाड तारांवर लय धरी, मी बारीक तारांवर चाल वाजवी. दिवेलागण झाली की आम्ही ओसरीवर बसत असू. आई स्वयंपाक करता करता आतून ऐके आणि चाल संपली की "पुन्हा एकदा!" एवढेच म्हणे.

पुढे दादाला नागपूरला नोकरी लागली. ट्रंकेबरोबर त्याची गिटारही गेली. त्या संध्याकाळी मी एकटाच ओसरीवर बसलो. एकही स्वर चुकला नाही. तरी आतून "पुन्हा एकदा" आले नाही. चाल तीच होती. पण तिच्या पायाखालची जमीन नाहीशी झाली होती.

तेव्हा मी माझ्या उजव्या हाताकडे प्रथमच नीट पाहिले. अंगठा आणि तर्जनी नखी धरून राबत होती. मधले बोट, अनामिका आणि करंगळी मात्र पारावर बसून दुसऱ्याचे काम पाहणाऱ्या माणसांसारखी रिकामी होती. जाड तारा नखीने आणि बारीक तारा या तीन बोटांनी छेडल्या, तर दादाचे काम आणि माझे काम एकाच हातात येणार होते.

ही युक्ती काही माझी नव्हे. पाश्चात्त्य वादक ती फार दिवसांपासून योजत आले आहेत. तिच्याशीच नाते सांगणारी एक हकिकत मला फार आवडते. चेट ॲटकिन्स हे अमेरिकेतील थोर गिटारवादक. त्यांचा जन्म १९२४ साली टेनेसी राज्यात झाला. लहानपणी ते सिनसिनाटीच्या रेडिओ केंद्रावरून होणारे मर्ल ट्रॅव्हिस यांचे वादन ऐकत. ट्रॅव्हिस अंगठ्यात अंगठीसारखी नखी घालून जाड तारा वाजवीत आणि बारीक तारांसाठी एकट्या तर्जनीचा उपयोग करीत. पण रेडिओवर हात दिसत नाही! इतके भरगच्च वादन एका बोटाचे असेल, हे ॲटकिन्स यांच्या ध्यानात आले नाही. त्यांनी अंगठ्याच्या जोडीला तीन बोटे कामाला लावली, आणि त्यातूनच त्यांची स्वतःची शैली घडली.

माझी बोटे मात्र सहजासहजी ऐकेनात. मधले बोट लवकर वळले. करंगळी अशक्त निघाली. अनामिका तर हट्टाला पेटली. तुम्हीही एक प्रयोग करून पाहा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट दुमडून तळव्याखाली घ्या आणि मग एकटी अनामिका उचलून पाहा. ती जागची हलणार नाही. बोटे उचलणारे दोरीसारखे स्नायुरज्जू हाताच्या पाठीवर एकमेकांना जोडलेले असतात. शेजारी अडला की हीही अडते. तो अनामिकेचा हट्ट नसून तिची घडण आहे, हे कळल्यावर माझा राग ओसरला. मी लय अगदी संथ केली आणि नखी, मधले बोट, नखी, अनामिका असा पाठ रोज गिरवू लागलो.

आणखी एक अडचण होती. नखीच्या टणत्कारापुढे बोटांचा आवाज लोपून जाई. बोटांनी जोर केला की ती दमत. शेवटी मी नखीचीच पकड सैल केली. बलवानाने आवाज आवरला, तेव्हा दुर्बळाचा ऐकू येऊ लागला.

दिवाळीला दादा घरी आला. काही न बोलता मी ती चाल वाजवली. तो माझ्या हाताकडे टक लावून पाहत होता. "जाड तारांची लय अजून जरा घाईची आहे रे," तो म्हणाला, आणि त्याने आपल्या गिटारीची गवसणी सोडली. आम्ही दोघे मिळून वाजवू लागलो. जाड तारा पुन्हा त्याच्याकडे गेल्या. पण माझी तीन बोटे आता रिकामी बसेनात. चालीभोवती ती लहान लहान स्वर गुंफू लागली. चाल संपली आणि आतून आवाज आला, "पुन्हा एकदा!"

ती म्हण आजही माझ्या कानी पडते. ती म्हणताना लोक बहुधा एक सुस्कारा सोडतात. मला मात्र वाटते, पाची बोटे सारखी असती आणि त्यांचा नादही सारखाच असता, तर एका गिटारीत दोन वादक कोणाला ऐकू आले असते?