कोनाडा नसलेली घरं

मराठवाड्यातल्या जुन्या घराची भिंत दगडमातीची, चांगली दोन हात रुंद. एवढ्या जाडीत कोनाडा आपसूक निघायचा. त्यात दिवा, तांब्या, पोळ्याचे मातीचे बैल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागात भूकंपानं याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. पुढे तिकडं जाड भिंत कोण कशाला मागेल? विटांची सडपातळ भिंत आली, तिच्यात कोनाडा बसत नाही, खिळा बसतो. म्हणून घरात येणारी कलाही चपटी झाली: कॅलेंडर, फ्रेम, लग्नाचा फोटो. पोरांनी केलेलं मातीकाम घरात का दिसत नाही, याचं कारण लोकांच्या अभिरुचीत शोधण्याआधी भिंतीत शोधावं.

*

लातूरचा उद्योग भवन परिसर, नांदेडचं श्यामनगर, भाग्यनगर. नीट-जेईईची मुलं, खोलीत तीन कॉट, दारामागं घरमालकाची सूचना: भिंतीला खिळा ठोकू नये. म्हणजे चपटी कलाही बाद. सगळ्यांची म्हणावी अशी जागा म्हणजे पाण्याच्या जारभोवतीची ओली फरशी, चपलांचा ढीग आणि मेसचं टेबल. बसायची खोली मागून पाहा. मालक सांगेल, तिथं आणखी तीन कॉट मावतात.

*

याच मुलांनी शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेली असते. इंटरमिजिएटच्या ‘अ’ श्रेणीला दहावीत ७ गुण, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. सगळं कागदावर. मातीला एकही गुण नाही. लातूर पॅटर्नच्या मुलखात ज्याला गुण नाही त्याला वेळ नाही. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

*

विद्यार्थ्यांचं मातीकाम लोकांच्या बैठकीत जाऊन बसल्याचं मोठं उदाहरण मुंबईचं आहे. जे. जे. कलाशाळेत १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाचा कारखाना उभा केला. चकचकीत झिलईच्या सुरया आणि फुलदाण्या तिथून बाहेर पडल्या, साहेबांच्या दिवाणखान्यांत गेल्या. आता त्यांतल्या काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. गंमत अशी की त्यांवरची काही नक्षी अजिंठ्याची. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवून घेत होते, आणि तिथली वेलबुट्टी भांड्यांवर उतरली. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. मराठवाड्याच्या भिंतीवरची नक्षी मुंबईच्या पोरांच्या हातून लंडनला पोचली. औसा-उदगीरच्या बैठकीत मात्र आली नाही.

*

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती बघाव्यात. दोन साच्यांत दाबून केलेल्या, आतून पोकळ, आणि लहान. आजचे कलाविद्यार्थी वर्षाअखेरच्या प्रदर्शनासाठी कमरेइतकी फुलदाणी करतात आणि मग ती कॉलेजच्याच जिन्याखाली पडून राहते. लहान करा. मुठीत मावेल ते घरात मावतं.

*

आपली काळी माती कापसाला माय, कुंभाराला वैरीण. पाणी लागलं की फुगते, वाळली की आकसते, आणि भांडं भट्टीत जाण्याआधीच तडकतं. म्हणून कुंभार गाळाची माती निवडतो, तिच्यात राख आणि लीद कालवतो. हे ज्ञान गावोगावच्या कुंभारवाड्यात अजून आहे. शाळांना विजेची भट्टी परवडत नाही, हे खरं. पण कुंभाराच्या भट्टीत चार रांजणांच्या मधल्या फटीत पोरांच्या वाट्या भाजून निघतील. त्याला सरळ पैसे द्यावेत. ‘कार्यशाळेचे मार्गदर्शक’ म्हणून शाल-नारळ देऊन बोळवण करू नये.

*

गणपतीआधी शाळाशाळांतून शाडूच्या मूर्ती होतात. पोरानं केलेला ओबडधोबड गणपती घरात मखरात बसतो, शेजारीपाजारी आरतीला येतात, सोंडेचं कौतुक होतं. मग बादलीत विसर्जन. विद्यार्थ्यांच्या मातीकामाला आपल्याकडे एवढी एकच हक्काची जागा, तीही मुदतीची.

*

सामायिक जागेत सिरॅमिक आधीच आहे, हे आपण विसरतो. अपार्टमेंटच्या जिन्याच्या कोपऱ्यात साईबाबा, गणपती, क्रॉस, मक्का यांच्या टाइल एका ओळीत लावलेल्या असतात. लोकांनी पिचकारी मारू नये म्हणून. सर्वधर्मसमभावाची एवढी चोख अंमलबजावणी दुसरीकडं क्वचित दिसते. त्याच ओळीत इमारतीतल्या मुलांनी रंगवून भाजलेल्या टाइल लावून बघाव्यात: बाभूळ, एसटी, सोयाबीनची शेंग, गोदावरीचा घाट. टाइलला कोनाडा लागत नाही, खिळाही लागत नाही. देव नसताना पान खाणारा थांबतो का, हे कळेल. मला वाटतं, खाली चौथीतल्या पोराचं नाव आणि फ्लॅट नंबर असला तर थांबेल. देव माफ करतो, वरच्या मजल्यावरची आई करत नाही.

*

टाइलनंतर सुचतो तो कप. पण कपाबद्दल बोलताना जपून. गावच्या हॉटेलाबाहेर दलितांसाठी वेगळी ठेवलेली कपबशी, घरात ‘त्यांच्यासाठी’ वळचणीला ठेवलेला कप, हेही याच मुलखातलं. मेसमध्ये प्रत्येक मुलानं स्वतःचा कप करावा, ही कल्पना ऐकायला गोड आहे. मला उलट हवं: सगळ्यांचे कप एका फळीवर, नाव न घालता, हाताला येईल तो उचलावा.

*

दोन रोखठोक गोष्टी. लातुरात दाराच्या किंवा कॉटच्या वर जड काही ठेवू नये. कारण सांगायला नको. आणि कुंभाराच्या भट्टीत भाजलेलं बिनझिलईचं भांडं पाझरतं, त्यात लोणचं घालू नये. मीठ चालतं, चमचे चालतात, पाणी तर उत्तमच.

*

मुलांचं मातीकाम सामायिक जागेत ठेवू म्हटलं की ‘फुटेल की’ हा सोसायटीच्या सभेतला पहिला आक्षेप. फुटेल. संक्रांतीची सुगडी, नवरात्राचा घट, उन्हाळ्याचा माठ, येळवशीला शेतात न्यायचं अंबिलाचं बिंदगं: आपण मातीचं भांडं टिकण्यासाठी कधी घेतलंच नाही. दुसरा आक्षेप असतो, पुसणार कोण? त्यावर सभा तहकूब होते.