वेगळे ताट

'गुल' म्हणजे फूल आणि 'मंडी' म्हणजे बाजार, असे आम्हांस शाळेत कोणी तरी सांगितले. परंतु त्यापूर्वी कित्येक वर्षे आम्ही गुलमंडीला 'गूळमंडी'च समजत होतो, आणि तसे समजण्यास सबळ कारण होते. सुपारी हनुमानाचे दर्शन घेऊन परतताना कढईतून नुकत्याच निघालेल्या इमरतीचा जो वास येई, तो फुलांचा खचितच नव्हता. त्या काळी आमच्या शहरास औरंगाबाद म्हणत. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. इमरतीचे नाव मात्र कायम आहे.

आमच्या वडिलांस मधुमेह होता, म्हणून घरात त्यांचे ताट वेगळे असे. सणाच्या दिवशी आम्ही पुरणपोळीवर तुपाची धार धरीत असू, आणि पंक्तीच्या टोकाला वडील कारल्याची भाजी व भाकरी निमूटपणे खात असत. आईने त्यांच्या ताटात साखरेचा कण पडू दिला नाही. परंतु दर शनिवारी मारुतीच्या दर्शनास ते आम्हांस बरोबर नेत, दोन इमरत्या घेत, एक आमच्या हाती ठेवीत व म्हणत, "आईला सांगू नकोस हं!" आम्ही सांगितले नाही. पुढे त्यांच्या पायास लहानशी जखम झाली. बधिर पायाला ती कळली नाही, भरून आली नाही, आणि अखेर पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शनिवारच्या इमरतीने हे घडले, असे कोणी डॉक्टर म्हणणार नाही. परंतु मनाचा हिशेब डॉक्टरांस विचारून होत नसतो.

गेल्या वर्षी आमच्याच रक्तात साखर वाढलेली निघाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे दहा कोटी मधुमेही असल्याचे दिसले. तेव्हा सोबतीची उणीव नव्हती. तरी घरी येताच पत्नीने आमच्यासाठी निराळे पातेले काढले, आणि आम्हांस पंक्तीचे ते टोक दिसले. आम्ही म्हटले, "अगं, ते पातेले ठेव. माझ्यासाठी जे शिजेल ते सर्वांसाठी शिजू दे."

आहारशास्त्र जाणणाऱ्या एका बाईंकडे गेलो. काही अपरिचित पदार्थांची यादी मिळेल, ही आमची भीती व्यर्थ ठरली. अर्धे ताट मेथी, गवार, दोडका, काकडी यांचे. पाव ताट वरण अथवा उसळ. उरलेल्या पावात भाकरी. हे तर मराठवाड्याचे रोजचेच जेवण! आमचे दोन भ्रम मात्र त्यांनी दूर केले. गूळ 'चालतो' हा पहिला. रक्ताच्या दृष्टीने गूळ साखरेचाच सख्खा भाऊ. दुसरा ज्वारीविषयीचा, तिच्या पिठातही शेकडा सुमारे सत्तर भाग पिष्ट असते, म्हणून भाकरी चालते याचा अर्थ चार चालतात असा नव्हे. भाजी-वरण आधी, भाकरी मागून, आणि जेवणानंतर थोडी शतपावली, एवढे त्यांनी सांगितले. औषध चालू असता मनाने उपास करू नये, असेही बजावले. हातपाय कापून घाम सुटला, तर तीन चमचे साखर हेच तेव्हा औषध!

चरकाने प्रमेही मनुष्यास जव हितकर मानला, सुश्रुताने चालावयास लावले, आणि १९२२ साली टोरांटोस एका मुलाला इन्सुलिन टोचून वाचविता आले. तरीही पथ्य टळले नाही. ते एकट्यावर लादले की शिक्षा होते आणि शिक्षेतून पळवाट निघते. सर्व घराने वाटून घेतले की तेच साधे जेवण होते. आमच्या आईची माया कमी नव्हती. तिने ताट तेवढे वेगळे वाढले.

यंदा होळीस सर्वांच्या ताटात अर्धी अर्धी पुरणपोळी पडली, आमच्याही. परवा शनिवारी नातवास घेऊन गुलमंडीवर गेलो. त्याने इमरतीकडे बोट दाखविले. एक घेतली, एक घास आम्ही खाल्ला, उरलेली त्याने. परतताना आम्ही त्यास म्हटले, "घरी गेल्यावर आजीला सांग हं!" त्याने उंबऱ्यातूनच ओरडून सांगितले. त्या रात्री आमच्या ताटात भाकरी जरा लहान आली; ताट मात्र सर्वांच्या पंक्तीतच होते.