रांग आणि पंगत

बेलापूर म्हटलें कीं मुंबईकर वाचकांस खाडीकांठचें बेलापूर आठवेल. तें हें नव्हे. आमचें बेलापूर नगर—आतांच्या अहिल्यानगर—जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं वसलेलें आहे. आणि त्याचें नांव धारण करणारें रेल्वेस्थानकसुद्धां श्रीरामपूर शहरांत असल्यामुळें नवखा प्रवासी तेथें उतरून गांव शोधीत बसतो. परंतु आमच्या बाजूच्या माणसाची खरी ओळख स्थानकावरून नव्हे, सप्ताहावरून होते. गोदावरीच्या पात्रांतील सराला बेटाचे गंगागिरी महाराज यांनीं घालून दिलेली अखंड हरिनाम सप्ताहाची परंपरा दीडशेंहून अधिक वर्षें चालत आली आहे. सप्ताहाचें गांव दर वर्षीं बदलतें, रीत बदलत नाहीं. पंचक्रोशींत घरोघर भाकऱ्या भाजल्या जातात. त्या पूर्वीं बैलगाड्यांतून येत, आतां ट्रॅक्टरांतून येतात. आणि मोठमोठ्या कढयांत शिजलेल्या आमटीबरोबर हजारों माणसें त्या खातात. भाकऱ्यांचा तो ढीग मीं लहानपणापासून पाहिला आहे. त्यांत पाटलाच्या घरची कोणती आणि पालांत राहणाऱ्या मजुराची कोणती, हें ती थापणाऱ्या बाईलासुद्धां ओळखतां यावयाचें नाहीं.

दानावर आपल्याकडे थोडें का लिहिलें गेलें आहे! गीतेच्या सतराव्या अध्यायांत देश, काल आणि पात्र या कसोट्या लावून दानाची प्रतवारी केलेली आहे. तथापि पुराणिकांपासून कीर्तनकारांपर्यंत आम्हीं जें ऐकलें तें बहुधा देणाऱ्याच्या पुण्याविषयीं. घेणाऱ्याचें काय होतें याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. 'पात्र' या शब्दाचा अर्थ आपण भांडें असाच धरून चाललों कीं काय, अशी शंका येते. भांड्यांत ओतावें आणि निघावें. भांड्यास काय वाटलें हें कोण विचारतो? माझ्यापुढें हा प्रश्न प्रथम १९९३ सालीं उभा राहिला.

त्या वर्षीं ३० सप्टेंबरच्या पहाटेस, चार वाजावयास थोडीं मिनिटें असतांना, लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) या जिल्ह्यांत भूकंप झाला. गणपति-विसर्जनाची रात्र; माणसें दमून झोंपलेलीं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं गांवें पाहतां पाहतां जमीनदोस्त झालीं. तेथील घरांच्या भिंती चांगल्या रुंद, दगडी. परंतु दगड मातींत बसविलेले, आणि वर माळवदाचा जड थर. उन्हाळ्यांत गारवा देणारें घरच माणसांच्या अंगावर आलें. सुमारें १०,००० माणसें गेलीं.

बातमी आली त्या दिवशीं आमच्या भजनी मंडळींनीं सभा भरविली नाहीं कीं समिति नेमिली नाहीं. सप्ताहाची भाकरी मागावयाची ज्यांस संवय, त्यांनींच गांवांत फेरी काढली. पेठेंतल्या व्यापाऱ्यांनीं डाळीचीं पोतीं दिलीं, मशिदीच्या बाजूच्या मंडळींनीं घोंगड्या दिल्या. पीठ, मीठ, मिरची, कंदील आणि सप्ताहाची एक मोठी कढई असा ट्रक भरला. हिशेब लिहिण्यास कोणी तरी हवा म्हणून मला बरोबर घेतलें.

नगर, सोलापूर, नळदुर्ग, उमरगा. पुढें रस्ता गाड्यांनीं तुंबला होता. निम्मे लोक मदतीस निघालेले आणि निम्मे नुसते पाहावयास, असें मला वाटलें. कांहींनीं मुलेंबाळेंहि आणलीं होतीं! त्यांत पाऊस. रस्त्याच्या कडेस दान केलेल्या कपड्यांचे ढीग चिखलांत भिजत पडले होते: पाटलोणी, लग्नांतले कोट, झिरझिरीत पांचवारी साड्या. ज्या बायका जन्मभर नऊवारी लुगडें नेसल्या, त्यांनीं त्या साड्यांचें काय करावें? शहरांतलीं कपाटें मात्र त्या आठवड्यांत स्वच्छ झालीं असतील.

आम्ही थांबलों ती वस्ती शेतांत, ताडपत्र्यांखालीं होती. ट्रकचा फाळका पडतांच आमच्यांतील तरुणांनीं ओरडून रांग लावावयास सांगितलें. बायका, मुलें, पुरुष मुकाट्यानें उभे राहिले. एक म्हातारा तेवढा दूर बांधावर बसून होता. त्याच्या घरांतलीं चार माणसें गेलीं होतीं, असें मागाहून कळलें. आमचे विणेकरी त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "माउली, रांगेत या ना."

"आमच्या गावाहून दिंडी जाती, महाराज," तो म्हणाला. "आम्ही वाढणारी माणसं हावोत. हात पसरायला जमत नाही."

विणेकरी कांहीं बोलले नाहींत. परत येऊन त्यांनीं फाळका बंद करविला आणि तीन दगड मांडून कढई चढवावयास सांगितलें. ड्रायव्हर कुरकुरला, रात्रीं परत फिरावयाचें होतें. दोन तास गेले. मग गोणपाटें अंथरून पंगत बसविली, आणि रांगेंतलीं तींच माणसें समोरासमोर बसलीं. विणेकऱ्यांनीं म्हाताऱ्यास हात धरून आणलें व आपल्या शेजारीं बसविलें. तो थोडेंच जेवला. परंतु दुसरी पंगत बसली तेव्हां आपण होऊन उठला, धोतराचा कांठ खोंचला आणि आमटीची बादली उचलली. माझ्यासमोर आला तेव्हां म्हणाला, "घ्या अजून. लांबून आलात."

ज्याचें घर पडलें तो मला आग्रह करीत होता. त्यानंतर पीठ-डाळीची वांटणी झाली ती त्याच्याच सांगण्यावरून. कोणत्या घरांत किती माणसें उरलीं, कोणती बाई एकटी आहे, हें तो सांगे आणि मी लिहीत असें. रांगेंत हें कधींच कळलें नसतें. तेथें जो दांडगा तो दोनदां येतो.

पंगतीचा इतिहास अगदीं निर्मळ आहे असें मात्र कोणीं समजूं नये. कोणास कोठें बसवावें आणि कोणास मुळींच बसवूं नये, यावरून महाराष्ट्रांत पुष्कळ अन्याय झाला आहे. पितरांसाठीं शिजलेलें अन्न महारांस जेवूं घालणाऱ्या एकनाथांवर त्यांच्याच ज्ञातीनें बहिष्कार घातल्याची कथा आपण कौतुकानें सांगतों, तिच्यांतील बहिष्कार मात्र विसरतों. शिखांच्या लंगरानें हा प्रश्न आपल्याहून अधिक सरळपणें सोडविला.

भाकरीनें एक वेळ भागते, हेंहि खरें. भारतीय जैन संघटनेनें भूकंपग्रस्त भागांतील सुमारें १,२०० मुलें शिक्षणासाठीं पुण्यास नेलीं; ज्ञान प्रबोधिनीनें हराळीस काम सुरू केलें तें टिकलें. अशा कामांपुढें आमचा एक ट्रक किती!

परंतु दानावर नांव घालण्याची हौस वाढत चालली आहे. सांगली-कोल्हापुराकडे २०१९ सालीं महापूर आला, तेव्हां मदतीच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचीं चित्रें चिकटविल्यावरून बराच गहजब झाला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत बादशाही कोठारें लोकांस खुलीं केलीं, आणि विठोबानें महाराचा वेष घेऊन त्यांचा भरणा बिदरास पोंचता केला, अशी कथा आहे. तींत देव येतो तो पावती घेण्यापुरता; स्वतःचें खरें नांव सांगत नाहीं.

गेल्या २०२५ च्या सप्टेंबरांत अतिवृष्टीनें मराठवाड्यांत हाहाकार उडाला, सीनेला महापूर आला. आमच्याकडे पुन्हां फेरी निघाली. या खेपेस मात्र निघण्यापूर्वीं तिकडील एका गांवीं दूरध्वनि करून काय हवें तें विचारलें. उत्तर आलें, "पीठ आलंय, कपडे नकोत. जनावरं उपाशी हाईत." आमच्या भागांत दुभतीं जनावरें पुष्कळ, त्यामुळें मुरघासाच्या पिशव्या दारोदार मिळाल्या. ट्रक भरत असतां एका होतकरू तरुणानें गांवाच्या नांवाचा छापील फलक आणला; चांगला बारा हात लांब, रंगीत. विणेकरी आतां थकले आहेत. त्यांनीं फलकाचें कापड बोटांनीं चांचपून पाहिलें, तें पावसाला टिकेल असें ठरविलें, आणि मुरघासावर पसरून दोरानें आवळावयास सांगितलें—अक्षरें खालच्या बाजूस.