किल्टवर कोणता कोट?

किल्ट घालावा की नेसावा, हा प्रश्न मराठी माणसावाचून दुसऱ्या कोणास पडण्याचे कारण नाही. आपल्या भाषेत सदरा घालतात, पागोटे बांधतात, उपरणे घेतात. धोतर आणि लुगडे मात्र नेसतात. किल्टच्या निऱ्या शिवलेल्या असतात आणि कमरेस तो पट्ट्यांनी आवळावयाचा असतो. तेव्हा तो घालावयाचाच म्हटले पाहिजे. परंतु १९९४ च्या डिसेंबरात एडिंबरा येथे, भाड्याच्या खोलीतील आरशापुढे उभा राहून मी तो पहिल्याने कमरेस गुंडाळला, तेव्हा माझे हात आपोआप पुढे निऱ्या चाचपू लागले. निऱ्या पाठीमागे होत्या! पुढची बाजू सपाट. त्या दिवसापासून मी 'नेसणे' हाच शब्द वापरतो.

त्या वेळी मी तेथील एका हिशेबतपासनिसांच्या कचेरीत दोन वर्षांच्या कराराने कामास होतो. नाताळापूर्वीच्या शुक्रवारी, कचेरी सुटताच सर्वांनी एका हॉटेलात जेवावयास जावयाचे, असा तेथील परिपाठ होता. पुष्कळसे पुरुष त्या दिवशी किल्टमध्ये येत. आमचे एक वयोवृद्ध सहकारी, ज्यांच्यापुढे वरिष्ठही जपून बोलत, मला म्हणाले, "या वर्षी तुम्हीही या." मी हो म्हटले आणि रात्री झोप उडाली. परक्याचा वेष परक्याच्याच पंगतीत अंगावर चढवावयाचा. तो आदर ठरेल की सोंग ठरेल?

या वस्त्राने सोसलेही पुष्कळ आहे. पूर्ण किल्टला आठ वार लोकरी टार्टन लागते. आपल्या नऊवारीला एकच वार कमी! जुन्या काळी ते एकच लांबलचक वस्त्र असे. जमिनीवर पसरावयाचे, हातांनी निऱ्या घालावयाच्या आणि वर पट्टा बांधावयाचा. शिवलेला आखूड किल्ट अठराव्या शतकातला. १७४६ साली, डोंगरी मुलखातील बंड मोडल्यावर, लंडनच्या सरकारने या वेषावर बंदी घातली. पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंग, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सूट होती ती फक्त सैन्यातील शिपायांना. ही बंदी १७८२ साली उठली, आणि १८२२ मध्ये बंदी घालणाऱ्या राजाचा पणतू, चौथा जॉर्ज, एडिंबऱ्यास आला आणि तेथे स्वतःच किल्ट नेसला. खाली मात्र त्याने कातडीच्या रंगाचे पायमोजे चढविले होते, आणि लोक किल्ट विसरून त्या मोज्यांवरच हसले. बरोबरीचे वस्त्र चुकले की राजाचीही अशी गत होते.

दुकानदाराने प्रथम माझी कुळी विचारली. टार्टनच्या चौकड्या कुळीकुळीच्या निराळ्या. ज्याला कुळी नाही त्याने काय करावे? त्याने एक हिरवा-निळा किल्ट पुढे केला. त्यावर तांबड्या-पांढऱ्या रेघा होत्या. हे मॅकेंझी कुळीचे टार्टन, आणि ७८ व्या हायलँडर पलटणीचेही, असे तो अभिमानाने म्हणाला. ही पलटण मला ठाऊक होती. १८०३ च्या सप्टेंबरात असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर ती चालून गेली, आणि त्या कामगिरीबद्दल तिला निशाणावर हत्ती मिरविण्याचा मान मिळाला. मी तो किल्ट घडी करून परत केला. बिचाऱ्याला कारण कळले नाही, आणि मीही सांगितले नाही. अखेर ब्लॅक वॉचचे गडद चौकडे घेतले. ते कुणीही नेसावे असा संकेत आहे. तीही पलटणच, पण असईस नव्हती, एवढ्यावर मी मनाचे समाधान केले.

खरी अडचण पुढेच होती. वर काय? दुकानदाराने प्रिन्स चार्ली नावाचा आखूड काळा कोट, त्याखालचे जाकीट, फुलपाखरी टाय, चांदीची साखळी लावलेला केसाळ स्पॉरन आणि मोज्यात खोवावयाची लहानशी सुरी असा सारा साज मांडला. किल्टला खिसे नसतात, म्हणून पुढे हा स्पॉरन, म्हणजे बटवा. त्या थाटाने माझे डोळे दिपले. हे सारे घ्यावे असे क्षणभर वाटले आणि त्याच क्षणी बाबांची आठवण झाली.

बाबा फोंड्याच्या एका कचेरीत कारकून होते. जन्मभर धोतर नेसले. धोतर तेच, पण कचेरीस जाताना वर अल्पाकाचा काळा कोट, लग्नकार्यास पांढरा, आणि मंगेशीस सोमवारच्या पालखीला कोटच नाही, तेथे मुकटा आणि उपरणे. त्यांच्या कमरेवरून नव्हे, खांद्यांवरून ते कोठे निघाले हे आम्हांस कळे. मी दुकानदाराला म्हणालो, "कचेरी सुटल्यावरचे जेवण आहे, लग्न नव्हे." त्याने थाट आवरला आणि राखी रंगाचा ट्वीडचा कोट, साधा टाय, जाड हिरवट मोजे, साधा चामडी बटवा पुढे ठेवला. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या मला नाभीपाशी चामडे बांधणे जड गेले. सुरी मी घेतली नाही. किल्टच्या आत काय, या जगप्रसिद्ध प्रश्नाबाबत इतकेच सांगतो की त्या बाबतीत मी आपल्याकडील रीत सोडली नाही.

येथे एक गोष्ट लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. १९७९ साली मी मुंबईस नोकरीत असताना बाबा एकदा दुपारी माझ्या कचेरीत आले. इस्त्रीचे धोतर, तोच काळा कोट, काळी टोपी, हातात घरच्या आंब्यांची पिशवी. शेजारच्या मेजावरच्याने विचारले, "कोण?" मी म्हणालो, "गावाकडचे एक गृहस्थ आहेत." बाबा चार पावलांवर होते. ते काही बोलले नाहीत. पुढे मुंबईस आले की ते खाली दरवानाच्या बाकावर बसून माझी वाट पाहत. वर कधी आले नाहीत.

त्या शुक्रवारी हॉटेलच्या दिवाणखान्यात शिरताना गुडघ्यांना थंडी झोंबत होती आणि सारे माझ्याकडेच पाहत आहेत असे वाटत होते. त्या वयोवृद्ध सहकाऱ्यांनी मला नखशिखांत न्याहाळले, मग एका कोपऱ्यात नेले आणि वाकून किल्टची टाचणी काढली. ती मी दोन्ही पदरांतून खोवली होती. ती फक्त वरच्या पदरात लावावयाची, नाहीतर वस्त्र ओढले जाऊन फाटते. त्यांनी ती नीट लावली, पदर हाताने सारखा केला आणि म्हणाले, "आता चला." पालखीस निघताना बाबा माझ्या मुकट्याच्या निऱ्या अशाच वाकून सारख्या करीत.

त्या रात्रीच बाबांना सविस्तर पत्र लिहिले. आठ वार लोकर, मागच्या निऱ्या, टाचणी, सारे कळविले. उत्तर आले: "चि. बाळास आशीर्वाद. मजकूर वाचून आनंद झाला. वर कोट कोणता घातलास ते लिहिले नाहीस."

दुसऱ्या पत्रात मी कोटाबद्दल लिहिले, आणि १९७९ च्या त्या दुपारबद्दलही. त्याचेही उत्तर आले. राखी रंग चांगला, मळखाऊ असतो, एवढेच त्यात होते. आणि पुढच्या वर्षी मी मुंबईस उतरेन तेव्हा ते येतील, असे.