ऐकू येत नाही म्हणून

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावचे ऑर्गन मास्तर हल्ली नव्या पोराची बोटं बघत नाहीत, आधी खांदे बघतात. गेल्या हंगामात त्यांच्या सगळ्यात तयार शिष्याचं उजवं मनगट सुजलं आणि तो अर्ध्यावरच घरी परतला.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम भाऊबीजेच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, होळीपर्यंत. वडसा गावातल्या कंपन्यांची नाटकं रात्री उभी राहतात ती पहाटेपर्यंत. दुसऱ्या रात्री दुसरं गाव. एवढं वाजवल्यावर हात दुखणारच, असं सगळे म्हणतात. मास्तरांना ते मान्य नाही.

पोरं आधी पेटीवर शिकतात. पेटीत सगळा खेळ भात्याचा: हवा वाढली की सूर मोठा. इलेक्ट्रॉनिक ऑर्गनवर तसं नाही. पट्टी एकदा दबली की वरून कितीही जोर लावा, ऑर्गनचा सूर तेवढाच. शेजारी ऑक्टोपॅड कडाडत असतो, भोंग्यांची तोंडं प्रेक्षकांकडे. वाजवणाऱ्याला स्वतःचाच सूर ऐकू येत नाही, म्हणून बोट दाबत राहतं. मग मनगट ताठ होतं, मग कोपर, मग मान. ‘हात सैल सोड’ म्हणून तो सुटत नाही. कान उपाशी असेल तर बोट दाबणारच.

म्हणून मास्तर शिष्याच्या कानाशी छोटा स्पीकर ठेवतात. एकच षड्ज धरायचा. स्पीकर हळूहळू बारीक होत जातो आणि मास्तरांचा तळहात शिष्याच्या मनगटाखाली असतो. आवाज घटला तरी वजन वाढता कामा नये.

खोलीत हे जमतं. मंडपात रात्री दोनला नायिकेचा आवाज बसतो, ती ओढून गाते, तबला चढतो आणि हात पुन्हा जुन्या सवयीवर जातो. मास्तर अजून इथेच अडलेत. शिकताना ट्रान्सपोजचं बटण त्यांना वर्ज्य. पण मध्यरात्रीनंतर तेच बटण दाबून पट्टी अर्ध्या स्वराने उतरवा, गळाही वाचेल आणि हातही, असं ते आग्रहाने सांगतात.

पट्ट्यांच्या वाद्याला मान सहज मिळाला नाही. त्यात मींड नाही म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. पुढे तुळशीदास बोरकरांना त्याच पेटीसाठी २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांनाही तो मान मिळाला, तेव्हा मास्तर हरखले. हेवाही वाटला, हे ते लपवत नाहीत. रंगमंचासमोर बसणाऱ्याचंही नाव व्हावं, आणि शिष्याचा हात ऐकताच लोकांनी ‘हा मूलचा’ म्हणावं, एवढी त्यांची हौस आहे.

यंदा वादकाजवळ स्पीकर ठेवायला एक कंपनी तयार झाली आहे. शिष्याला मात्र एकाआड एक रात्रच वाजवायची परवानगी आहे, आणि त्यावरून दोघांत रोज वाद होतो.