अजून चालतेय की!

आमच्या घरात कोणतीही वस्तू सहजासहजी निवृत्त होत नाही. छत्रीच्या तीन काड्या मोडल्या तरी ‘अजून चालतेय की!’ एवढ्या वाक्याच्या आधारावर ती आणखी एक पावसाळा काढते. मोटारीच्या बॅटरीलाही मी हाच न्याय लावला. तिला पाच वर्षे होऊन गेली होती. किल्ली फिरवली की इंजिन आधी दोनतीनदा कण्हे आणि मग उपकार केल्यासारखे सुरू होई. सौभाग्यवती म्हणाली, “बदला एकदाची.”

मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली, काही तास तशीच ठेवली आणि मग मीटर लावला. चांगली बॅटरी अशा वेळी १२.६ व्होल्ट दाखवते. आमची १२.४ दाखवीत होती, म्हणजे जवळजवळ पाऊण भरलेली. पंचाहत्तर टक्के! आमच्या विद्यार्थ्यांना एवढ्यात विशेष प्रावीण्य मिळते. मिस्त्री मात्र हसले नाहीत.

“सर, आता स्टार्टर मारा.”

किल्ली फिरवताच आकडा साडेआठपर्यंत कोसळला. तो साडेनऊच्या खाली गेला की समजून घ्यावे, असे ते म्हणाले. शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसला, की बॅटरी स्वस्थ असताना बरी दिसते; पण स्टार्टरला एकदम लागणारा मोठा प्रवाह देताना तिचा धीर सुटतो. त्यातून माझी गाडी घर ते कॉलेज तीन किलोमीटर धावणार. तेवढ्यात स्टार्टरने घेतलेले कर्जही फिटत नाही. शिवाय पुण्याचा एप्रिल! थंडीत बॅटरी कुरकुरते हे खरे, पण तिचे आयुष्य खातो तो उन्हाळा. (हे ज्ञान मी त्याच संध्याकाळी घरी स्वतःचे म्हणून सांगितले.)

“मग बदलायची ना?”

“पुढच्या पगाराला बघू,” मी म्हणालो.

पगार झाला, विसरलोही. आणि जूनमध्ये एका रात्री अडीच वाजता आईच्या छातीत दुखू लागले. तिला मागच्या आसनावर बसवले, किल्ली फिरवली. टक्, टक्, टक्. समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले. रखवालदार आणि वरच्या मजल्यावरची दोन मुले धावत आली. सौभाग्यवतीला चाकावर बसवून मीही ढकलू लागलो. दोनदा गाडी नुसतीच हिसके देऊन थांबली. सौभाग्यवती एक अक्षर बोलली नाही. तेच फार लागले. तिसऱ्या वेळी, गल्लीच्या उतारावर, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन धरले.

इस्पितळात आईला दोन दिवस ठेवून घेतले आणि घरी सोडले. येताना ती म्हणाली, “मला माझं काही नव्हतं रे वाटत. मागच्या काचेतून तू दिसत होतास. केवढी धाप लागली होती तुला!”

त्याच दुपारी नवी बॅटरी बसवली. जुनी दिली म्हणून दुकानदाराने थोडे पैसे कमी केले; तिच्यातले शिसे वितळवून पुन्हा वापरतात. नवीवर मिस्त्रींनी तारीख लिहिली. सौभाग्यवतीने ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी उतरवून घेतली आहे. तिसऱ्या वर्षापासून दर मार्चला मीटर लावून आणायचा, असेही खाली लिहिले आहे. ते काम माझ्याकडे दिलेले नाही.