नांदण्याचा परवाना

आपल्या देशाच्या व्हिसांच्या यादीत म्हातारपण नाही. शिकायला येणाऱ्यासाठी व्हिसा आहे, नोकरीसाठी आहे, धंद्यासाठी आहे, उपचारांसाठी आहे, परिषदेला येऊन दोन दिवसांत परतणाऱ्या विद्वानासाठीसुद्धा वेगळा आहे. थायलंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला बँकेत पुरेसे पैसे दाखवले की निवृत्त म्हणून राहू देतात. पोर्तुगालमध्ये पेन्शनच्या जोरावर राहता येतं. आपल्याकडे मात्र ‘आता मी काही करणार नाही, नुसती राहणार आहे’ असं सांगणाऱ्या बाईसाठी रकाना नाही. तिला कुणाची तरी कुणीतरी असावं लागतं. उर्सुला माझी बायको आहे. या एका नात्यावर तिनं कैनाडला किती दिवस आणि कुठल्या कागदावर राहायचं, याचा विचार आम्ही दोघं निवृत्तीच्या बऱ्याच आधीपासून करत होतो.

डहाणूहून आत, कैनाडला माझ्या वडिलांच्या वेळचं घर आहे आणि घरामागे थोडी चिकूची झाडं. माझी नोकरी सगळी जर्मनीत झाली, पण पासपोर्ट मी भारताचाच ठेवला. का ठेवला, हे मला नीट सांगता यायचं नाही. आळस असेल, अभिमान असेल, दोन्ही थोडं थोडं असेल. निवृत्तीनंतर कुठे राहायचं यावर मला वाटलं होतं की घरात रणधुमाळी होईल. झाली नाही. थंडीनं सांधे धरतात, असं म्हणून तिनं एका वाक्यात निकाल लावला. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि धुंदलवाडीच्या बाजूची माणसं घरं सोडून उघड्यावर, तंबूंत झोपू लागली, तेव्हा मी तिला म्हटलं, अजून विचार बदल. तिनं आमच्या घराच्या कौलांची आणि वाशांची चौकशी केली. विचार काही बदलला नाही.

इतकी वर्षं ती सुट्टीत यायची ती टूरिस्ट व्हिसावर. त्यात गैर काही नव्हतं. आता तर पाच वर्षांचा ई-टूरिस्ट व्हिसा घरबसल्या मिळतो. पण त्यावर कॅलेंडरच्या एका वर्षात एकूण १८० दिवसांहून जास्त राहता येत नाही, म्हणजे अर्धा संसार इथे आणि अर्धा तिथे. शिवाय घरी परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत ‘फॉर्म सी’ भरून सरकारला कळवायचं. माझी आई हयात होती तेव्हा मी एकदा हा फॉर्म भरताना तिनं पाहिलं. सून घरी आली की पोलिसांना वर्दी द्यायची, ही कुठली रीत, असं तिनं विचारलं. आईच्या लेखी सून घरी आल्याची वर्दी उंबरठ्यावरच्या मापालाच काय ती द्यायची. मी फॉर्म भरला. आई दिवसभर सरकारवर धुसफुसत राहिली.

टूरिस्टच्या वरची पायरी म्हणजे एन्ट्री व्हिसा, ज्याला सगळे ‘एक्स व्हिसा’ म्हणतात. भारतीय नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला तो मिळतो आणि त्याची मुदत इथे राहूनच वाढवता येते. १८० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत विदेशी नोंदणी कार्यालयात नोंद करायची. हे काम आता ऑनलाइन होतं. पत्ता बदलला की कळवा, मुदत संपत आली की पुन्हा कागद लावा. १९३९चा विदेशी नोंदणी कायदा आणि १९४६चा विदेशी नागरिक कायदा, दोन्ही इंग्रजांच्या काळातले, १ सप्टेंबर २०२५ला गेले आणि त्यांच्या जागी नवा एकत्रित कायदा आला. कायदा नवा असला तरी परक्यानं आपला ठावठिकाणा सांगत राहावं, ही त्यातली अपेक्षा जुनीच आहे. ती चूक आहे असंही मी म्हणणार नाही. फक्त सत्तरीकडे झुकलेल्या बाईनं दर थोड्या वर्षांनी अपलोडच्या पट्टीकडे डोळे लावून बसावं, हे मला जड जात होतं.

तिसरी वाट ओसीआय कार्डाची. २०१५च्या जानेवारीत जुनं पीआयओ कार्ड त्यातच विलीन झालं. परदेशी जोडीदाराला ते मिळतं, पण लग्नाची नोंदणी झालेली हवी आणि अर्जाच्या दिवसापर्यंत सलग दोन वर्षं ते लग्न टिकलेलं हवं. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिकत्व ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांना हे दार मुळातच बंद. कार्ड मिळालं की आजन्म ये-जा मोकळी, विदेशी नोंदणी कार्यालयाशी संबंध नाही. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, निवडणूक लढवणं नाही; संशोधन, पत्रकारिता, मिशनरी काम, गिर्यारोहण यांना वेगळी परवानगी. उर्सुलानं ही यादी वाचून, गिर्यारोहण सोडायला आपण तयार आहोत, असं जाहीर केलं.

आमचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली ठाण्याला नोंदलेलं. पालघर जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १ ऑगस्ट २०१४ला झाला. त्यामुळे दाखल्यावर जिल्हा ठाणे आणि घराच्या कागदांवर पालघर. एवढ्या तेवढ्यावरून शंका निघतात आणि शंकांना कागदानंच उत्तर द्यावं लागतं. असो. त्या दाखल्याची प्रत काढताना मला आमच्या आजूबाजूच्या पाड्यांची आठवण होत होती. वारली समाजात दोघं एकत्र नांदायला लागतात, मुलंबाळं होतात, आणि हातात चार पैसे आले की मग लग्न लागतं. कधी कधी तर आईबापांचं लग्न मुलांच्या लग्नाबरोबर त्याच मांडवात. ते लावते धवलेरी, म्हणजे बाईच, गाणी म्हणत. तोवर ती दोघं नवराबायको नव्हती, असं पाड्यावर कुणी म्हणत नाही. नांदणं आधी, लग्न नंतर. सरकारला मात्र उलटं हवं: आधी नोंद, मग दोन वर्षं नांदून दाखवा, मग कार्ड. आमच्या पलीकडच्या पाड्यावरचं एखादं जुनं जोडपं या अर्जाला बसवलं, तर पोरंनातवंडं होऊनही पहिल्याच रकान्यात अडकेल.

सीमा ही गोष्ट या बाजूला फार दूरची नाही. तलासरीच्या पलीकडे दादरा-नगर हवेली १९५४पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. वारली वस्ती अलीकडेही तीच आणि पलीकडेही तीच. २ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा मुक्त झालं. ज्यांनी ते केलं त्यांत गायक सुधीर फडके होते, हे आजही सांगितलं की ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पोर्तुगालनं मग हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. वाद असा की, दमणहून आपल्या या मुलखात जायला मधली भारताची जमीन ओलांडण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही. एप्रिल १९६०मध्ये निकाल लागला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, तीही भारताच्या नियंत्रणाखाली. फौज आणि सशस्त्र पोलीस यांना नव्हती. आणि १९५४मध्ये वाट बंद करण्यात भारतानं कर्तव्य मोडलं नाही. तलासरीच्या उशाला असलेल्या रानातून कुणी कुठल्या हक्कानं चालावं यावर युरोपात न्यायाधीश बसले होते. आजही इथले आदिवासी तरुण गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि पाण्यावरची न दिसणारी रेघ ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. त्यांतल्या कितीकांनी जन्मात पासपोर्ट पाहिलेला नसतो. त्यांची नावं १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना देतात त्या याद्यांमध्ये येतात. घरची माणसं त्या यादीकडे डोळे लावून असतात. त्यांच्यापुढे आमच्या फाइलची काळजी ही सुखवस्तू काळजी आहे, हे मला कळतं.

तरी काळजी होतीच, आणि ती माझी जास्त होती. मला तिनं भारताचं नागरिकत्व घ्यावं असं वाटत होतं. भारतीय नागरिकाशी लग्न झालेल्या माणसाला इथे सात वर्षं राहिल्यावर नोंदणीनं ते मागता येतं. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतून आल्या, १९७६मध्ये भारत पाटणकरांशी लग्न केलं, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला राहिल्या, १९८३मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये तिथेच गेल्या. पाणी, स्त्रिया, जात या सगळ्या लढ्यांत त्या नागरिक म्हणून उभ्या होत्या, कुणाची बायको म्हणून नव्हे. मी हे उदाहरण उर्सुलापुढे अनेकदा ठेवलं. तिचं उत्तर ठरलेलं. त्यांना इथे भांडायचं होतं, भांडायला मत लागतं. मला इथे म्हातारं व्हायचं आहे.

तिच्या देशानं, जर्मनीनं, जून २०२४पासून दुसरं नागरिकत्व घ्यायला मोकळीक दिली आहे. आपल्या देशानं नाही. म्हणजे इथलं घ्यायचं तर तिथलं सोडायचं. तिची आजारी बहीण, आमची मुलगी, दोघी तिकडे. सोडणं म्हणजे बहिणीच्या उशाशी बसायला जाताना व्हिसाच्या रांगेत उभं राहणं. तिला ते नको होतं, आणि कितीही वाद घातला तरी शेवटी मला तिचंच पटत होतं.

तिला मी दुसरंही एक उदाहरण सांगत असे, पण ते माझ्याच अंगावर उलटलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून फिरत फिरत मेक्सिकोला पोचले, तिथे मक्यावर संशोधन केलं, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, दिएगो रिवेरानं भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. १९३६मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. देश स्वतंत्र झाल्यावर परत यायला निघाले तर भारत सरकारनं आधी व्हिसा नाकारला, कारण इंग्रजांनी घातलेली बंदी कागदोपत्री तशीच होती. ज्या राज्याविरुद्ध ते उठले त्याचीच नोंद नव्या राज्यानं पुढे चालवली. पुढे बंदी उठली आणि कुटुंब नागपूरला आलं; तिथेच १९६७मध्ये ते वारले. मी हे सांगितलं ते, बघ, परदेशी बायको घेऊन म्हातारपणी परतलेला मी पहिला नव्हे, असं दाखवायला. उर्सुला म्हणाली, यात व्हिसा नवऱ्याचा अडकला होता.

जमिनीचं वेगळंच. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, फार्महाऊस किंवा बागायत विकत घेता येत नाही. वारसानं मिळू शकते. आमच्या चिकूच्या झाडांचा प्रश्न त्यामुळे मृत्युपत्रात गेला. तिला मात्र ही बंदी अपमानाची वाटली नाही, उलट आवडली. कारण डहाणू आणि तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमामुळे आदिवासीची जमीन पुण्याच्या किंवा मुंबईच्या माणसालाही सहजी घेता येत नाही. म्हणजे इथली जमीन सगळ्यांनाच परकं समजते, फक्त मलाच नाही, असं तिनं समाधानानं सांगितलं. आता वाढवण बंदर आणि बुलेट ट्रेन आल्यावर ही जमीन कुणाकुणाला आपलं म्हणते ते दिसेलच. चिकूही मूळचा मेक्सिकोकडचा, इराण्यांनी त्याच्या वाड्या इथे फुलवल्या, हे वाक्य डहाणूला येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या बायकोकडे बघून म्हणतो. ती आता ऐकून घेते.

आजारपणाचा हिशेब कंटाळवाणा आहे, लवकर उरकतो. तिचा जर्मन सरकारी आरोग्य विमा इथल्या उपचारांचे पैसे देत नाही. मोठं काही झालं तर वापीला जायचं किंवा मुंबईला, आणि खर्चाला वेगळी ठेव ठेवायची. ठेवली.

शेवटी ओसीआय. अर्ज भरायला बसलो तेव्हा मला अडलं ते एका अटीवर. परदेशी जोडीदाराच्या नात्यानं कार्ड घेतलं असेल तर दर वेळी नवा पासपोर्ट निघाला की त्याची प्रत आणि फोटो यांच्यासोबत लिहून द्यायचं, की आमचं लग्न अजून टिकून आहे. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं, हेही कायद्यात आहे. मला राग आला. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर दहा दहा वर्षांनी हे लिहून द्यायचं? नागरिकत्वाचा माझा सगळा हट्ट या एका वाक्यातून आला होता. तिचं इथलं राहणं माझ्यावर टांगलेलं नसावं, मी बरा वागलो काय नि वाईट वागलो काय, तिचं घर तिचं असावं. नवऱ्याच्या नावावर बाईचा मुक्काम ठरावा ही गोष्ट मी माझ्या आईच्या पिढीत पुरेशी पाहिली आहे.

उर्सुलाला राग आला नाही. तुमच्याकडे बायका दरवर्षी वडाला दोरा गुंडाळून तेच तर सांगतात, मला दहा वर्षांतून एकदाच सांगायचं आहे, असं म्हणून तिनं सही केली. कार्ड रीतसर आलं. गावात आता ती ग्रामसभेला जाते, मागे बसते, हात वर करता येत नाही म्हणून शेजारणीच्या कानात बोलते. नळयोजनेवर शेजारणीनं मांडलेले मुद्दे कुणाचे आहेत, हे सरपंचांना ठाऊक आहे.

मग माझी पाळी आली. जर्मनीतला माझा कायमचा रहिवास परवाना सहा महिन्यांहून जास्त काळ देशाबाहेर राहिलं की सहसा संपतो. जर्मन जोडीदारासोबत नांदणाऱ्याला त्यातून सवलत आहे, पण तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडून तसा दाखला घेऊन ठेवलेला बरा. मुलगी तिकडे आहे, कधी अचानक जावं लागेल. फॉर्म छापून घेतला, भरला, आणि आम्ही अजून एकत्र नांदतो आहोत असं तिनं लिहून द्यायच्या ओळीशी येऊन थांबलो. कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं चष्मा लावला, दोन्ही बाजू वाचल्या आणि म्हणाली, आजचा दिवस बघते, उद्या सांगते.